आहेरात डबी देणारे नाना

वैशालीवर अन्याय झाला. कधी झाला तेही सांगते. दसरा झाल्यावर तिसऱ्या दिवशी, सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी. आमच्या गावच्या फाट्यावर तिच्या सासऱ्याने, म्हणजे बाबूरावांनी, तिला एका बॅगेसकट जालन्याच्या एसटीत बसवलं आणि कंडक्टरला सांगितलं, "पुढं तीर्थपुरीची गाडी दाखवून द्या हिला." तीर्थपुरी तिचं माहेर. नवरा गणेश फाट्यापर्यंतसुद्धा आला नाही. गुन्हा काय, तर लग्नाला पाच वर्षं झाली आणि मूल नाही. पुरावा काहीही नाही. दिवस मात्र विचार करून निवडलेला. बाबूरावांचा कपाशीच्या बियाण्याचा प्लॉट आहे आणि क्रॉसिंगच्या कामात वैशालीचा हात सगळ्यांत जल्दी चालायचा. क्रॉसिंग संपेपर्यंत तिला ठेवून घेतली. संपल्यावर पाठवली.

हे आधी लिहून टाकते, कारण पुढे ज्यांच्याबद्दल लिहायचंय ते अंबादास नाना विनोदी माणूस आहेत. तुम्ही हसाल. हसा. मीही पुष्कळ हसले आहे.

नाना लग्नात आहेर म्हणून डबी देतात. चांदीची नाही, कुंकवाची नाही. लॅबमध्ये नमुना घ्यायला देतात ती, प्लॅस्टिकची, पांढऱ्या झाकणाची. आमच्याकडे आहेर माइकवरून पुकारतात. "बाबूराव यांच्याकडून फॅन, सरपंचांकडून कुकर," असं चाललेलं असतं आणि मग पुकारणारा अडखळतो. "अंबादास नाना यांच्याकडून... एक डबी." मंडपात हशा. नवरदेवाचे मित्र डबी उघडून बघतात, रिकामी. एखादी करवली विचारते, "नाना, हिच्यात काय ठेवायचं?"

"तुझ्या कामाची न्हाई, पोरी. ही नवरदेवाची हाय," नाना तिथंच, स्टेजवर, सांगायला लागतात. "वर्षाच्या आत पाळणा हलला तं फेकून दे. न्हाई हलला, तं बायकोला कुठं न्यायच्या आधी तू जा जालन्याला. आणि हे बघ, घरून भरून नेऊ नको. एसटीत मरतील. तिथंच जाऊन भर."

"मंग डबी कशाला देऊन राह्यला नाना?"

"आठवण ऱ्हावी म्हणून."

दोन मंडपांतून त्यांना हाताला धरून बाहेर काढलंय. एका ठिकाणी वधूपित्याने डबी गटारात फेकली. नाना रागावत नाहीत. पुढच्या लग्नाला धुतलेला सदरा, खिशात नवी डबी. जेवायला मात्र थांबत नाहीत. लग्नातल्या जेवणाला कधी बसलेलं त्यांना मी पाहिलेलं नाही.

नाना मूळचे आष्टीचे, परतूरकडचे. बियाण्याच्या कंपनीत सुपरवायझर म्हणून इकडे भोकरदनच्या बाजूला आले आणि निवृत्त झाल्यावरही इथंच राहिले. साठी कधीच ओलांडलेली. उजव्या अंगठ्याचं नख अजून वाढवलेलं, खिशात भिंग. एकटे राहतात, स्वतःच्या भाकरी स्वतः थापतात. लग्न का केलं नाही म्हणून कुणी विचारलं तर म्हणतात, "प्लॉटवर एवढी लग्नं लावली, माझं राहून गेलं." भेटल्यावर रामराम नाही, थेट "धरलं का?" चहाला उकळी, मोबाइलला रेंज, शेजारणीच्या दह्याला विरजण, सगळ्याला एकच प्रश्न. नव्या नवरीलाही त्यांनी एकदा हेच विचारलं आणि तिच्या आजेसासूने त्यांच्या अंगावर खराटा उगारला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी क्रॉसिंग म्हणजे काय ते सांगते. बियाण्याच्या प्लॉटमध्ये नराच्या ओळी वेगळ्या, मादीच्या वेगळ्या. मादीच्या झाडावरची उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी नखाने सोलायची आणि तिच्यातले पुंकेसर काढून टाकायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी नराची फुलं तोडून आणायची, त्यांचा पराग मादीच्या टोकाला घासायचा आणि देठाला दोरा बांधायचा. काही दिवसांत बोंड धरतं किंवा गळून पडतं. अर्ध्या तालुक्याच्या बाया हे काम करतात. बी व्हायला दोन बाजू लागतात हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्या बाईलाही शिकवावं लागत नाही. तिचं नख ते जाणतं. आणि त्याच बाईच्या घरात मूल झालं नाही की एकच बाजू उरते.

नानांची माझी ओळख भोकरदनच्या आठवडी बाजारात झाली. मी आमच्या महिला गटाची पत्रकं वाटत होते. विषय पाळी आणि आरोग्य. पानभर चित्र होतं, मीच काढलेलं: मध्ये गर्भाशय, दोन बाजूंना दोन नळ्या, नळ्यांच्या टोकाशी बीजांडकोश. नानांनी पत्रक घेतलं, खिशातून भिंग काढलं, चित्र नीट पाहिलं आणि कागद उलटा केला. मागची बाजू कोरी.

"दुसरं अर्धं कुठंय?"

"कसलं दुसरं अर्धं?"

"नर कुठंय?"

"काका, हे बायांच्या आरोग्याचं पत्रक आहे."

"म्हणूनच इचारून राह्यलो. बायांचं आरोग्य बिघडवतं कोण? पेपर अर्धाच छापलास पोरी. छपाई वापस घे."

मला राग आला. मी बारावी सायन्स केलेली. वृषण, शुक्रवाहिनी, शुक्राणू, सगळं पाठ. पण घरी येऊन मी आमची जुनी पत्रकं काढली. एकूण एक पत्रकात बाईचंच पोट उघडं करून दाखवलेलं होतं. पुरुषाचं चित्र एकातही नव्हतं. ती सगळी मीच काढली होती, आणि कुणी सांगितलं नसताना माझा हात दर वेळी तिच्याच पोटाकडे गेला होता. दुसऱ्या आठवड्यात मी नानांना शोधत त्यांच्या नेहमीच्या हॉटेलात गेले.

तिथं त्यांचा वर्ग भरलेला असतो. चहा, भजी आणि वर्ग. टेबलावर कपाशीचं फूल फाडून ठेवलेलं. "हे नराचं फूल. सकाळी तोडलं की आम्ही ओल्या फडक्यात सावलीला ठेवतो. का? पराग उष्णतेनं मरतो. आता सांगा, बाप्या माणसाचं बीज जिथं तयार होतं ती पिशवी अंगाच्या बाहेर का टांगली?"

पोरं खाली बघून हसतात.

"हसू नका, चाचपा. अंगापेक्षा थंड जागा पाहिजे म्हणून. कुदरतनं ओलं फडकं बांधलंय. आणि तुम्ही तिथं दिवसभर टाइट पँट घालून बुलेटच्या गरम टाकीला चिकटून फिरता. पुन्हा बायकोला देवऋष्याकडं नेता."

हार्मोनचा पाठ तर मी वहीत उतरवून घेतलाय. "मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी गाठ हाय. ती म्हणजे मुकादम. तिथून रक्तात हाळी देतो. बाईच्या अंगात हाळी गेली की बीजांडकोशात एक बीज पिकतं, नळीत उतरतं, पिशवीत गादी अंथरली जाती. पाहुणा आला न्हाई तं गादी झाडून टाकायची, पुढच्या महिन्याला नवी. आता गंमत बघा. बाप्याच्या अंगात कोण हाळी देतं? तोच मुकादम, तीच हाळी. हार्मोन बी तेच, नाव बी तेच. कुदरतनं दोन मुकादम ठेवले न्हाईत. तुम्ही ठेवले."

एकदा एक दांडग्या मिशीचा गडी म्हणाला, "नाना, आपल्याला काय कमी न्हाई. बघा की ही मिशी."

"मिशीचा कारखाना अलग हाय, बाबा. बीजाचा अलग. एकाच आवारात हायेत, पण कामगार वेगळे. मिशीवाले कामावर, बीजवाले गायब, असं बिलकुल होऊ शकतं. लहानपणी गालगुंड झाल्तं का तुला? खाली सूज आल्ती का?"

गड्याने मिशीवरचा हात काढला. चहा अर्धा सोडून गेला.

मी हे सगळं पत्रकात घातलं. कागदाच्या दोन्ही बाजूंना दोन चित्रं काढली आणि वर मोठ्या अक्षरांत नानांचं वाक्य छापलं: "बोंड धरलं नाही तर आधी नर तपासा." मला वाटलं, एवढी सोपी गोष्ट आमच्या मातीतल्या माणसाला याहून सोपी करून कुणी सांगितलीच नसेल. त्या वाक्यावर मी खूश होते. पुढे जे झालं त्यात माझाही हात आहे. म्हणून हे लिहितेय.

वैशाली माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी. तिच्याकडे एक जाड फाइल होती. पाळीच्या दुसऱ्या दिवशीच्या रक्ताच्या तपासण्या, बाराव्या दिवसाच्या सोनोग्राफ्या, नळ्यांत रंग सोडून काढलेला एक्स-रे. सगळं बराबर. बीज पिकत होतं, नळ्या मोकळ्या होत्या, गादी अंथरली जात होती. "माझ्या पोटाचे जेवढे फोटो निघाले," ती म्हणायची, "तेवढे लग्नात न्हाई निघाले." डॉक्टरांनी तीनदा लिहून दिलं होतं, नवऱ्याची तपासणी करा. गणेशचं उत्तर ठरलेलं. "मला काय धाड भरली? मी एका दमात पोतं उचलतो."

क्रॉसिंगचे शेवटचे दिवस होते तेव्हा वैशाली माझ्याकडे आली. घरात दुसऱ्या मुलीचं बोलणं सुरू झालं होतं. "एकदा, फकस्त एकदा ह्यांनी तपासावं," ती म्हणाली. "ह्यांच्यात खोट निघाली तरी मी कुठं जात न्हाई. आन न्हाई निघाली तरी मला कळंल तरी." मी नानांना सांगितलं. नाना म्हणाले, "बाबूराव माझा जुना प्लॉटवाला. माझ्या शब्दाबाहेर जाणार न्हाई. उद्याच जाऊ."

गेलो. बाबूरावांच्या अंगणात खाटा टाकल्या होत्या. बाबूराव, त्यांचे दोन भाऊ, गणेश. गणेशची आई उंबऱ्याशी बसलेली, वैशाली दाराआड. नानांनी ओल्या फडक्यातून नराची ताजी फुलं काढून खाटेवर मांडली. शेजारी गळालेली चार कोवळी बोंडं.

"बाबूराव, हे गळलं. पहिले काय बघता?"

"नराचं फूल."

"का?"

"पराग मेला असंल. उशिरा तोडला असंल, उन्हात राह्यला असंल." बाबूरावांना मजा वाटत होती. नानांनी त्यांना हे वीस वर्षांपूर्वी शिकवलं होतं.

"मादीला शिव्या देता का?"

"मादीनं काय केलं, नाना? तिनं तं फूल दिलं." भाऊ हसले. गणेशही हसला. मला वाटलं, जिंकलो. खोटं कशाला बोलू, पत्रकाच्या पुढच्या छपाईचा विचारसुद्धा माझ्या डोक्यात येऊन गेला.

"मंग गणेशला एक दिवस जालन्याला पाठवा," नाना म्हणाले. "एक तपासणी. वैशालीच्या इतक्या झाल्या."

गणेश उठून उभा राहिला. "नाना, वय बघून बोलत न्हाई तुम्हाला. पण माझ्यात खोट काढायला आला का?"

"खोट न्हाई रे बाबा, तपास..."

"अन् खोट निघाली तं? प्लॉटात नर खराब निघाल्यावर काय करता तुम्ही? बदलता ना? मला बदलता का?"

तेवढ्यात गणेशची आई बोलली. आवाज चढवला नाही. ही बाई जन्मभर क्रॉसिंग करत आलेली, नानांच्याच हाताखाली.

"नाना, एक सांगा. मादीची ओळ धरंनाच झाली, नर चांगला असून धरंना झाली, तं तुम्ही काय करता?"

मी नानांकडे बघत होते. खोटं बोला, मी मनात म्हणत होते, काहीही बोला. पण नानांनी आयुष्यात प्लॉटबद्दल चुकीचं एक अक्षर कुणाला सांगितलं नव्हतं. जीभ सवयीने वळली.

"उपटतो."

"अन् तिथं काय लावता?"

"दुसरी."

"मंग झालं की," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

कुणी हसलं नाही. बाबूरावांनी खाटेवरची फुलं गोळा करून नानांच्या फडक्यात परत बांधून दिली, अदबीने. आमच्यात काही भांडण झालं नाही, आम्हाला चहासुद्धा मिळाला. चहा वैशालीनेच आणला. तिने नानांकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही.

ती बाई ओळ नव्हती. ती बोलत होती, दुखल्यावर रडत होती, आमच्यापासून दहा हातांवर उभी होती. आणि आम्ही दोघं तिची बाजू मांडायला गेलो ते तिला झाड करून. नर-मादी, नर-मादी. झाडाला उपटतात हे आम्हाला माहीत नव्हतं का? शास्त्र खरं होतं. पण पत्रकावर मी बाईचा न्याय छापायला हवा होता, बोंडाचा छापला.

दसऱ्यानंतर तिला पाठवलं. नवी सून आणायची तारीख अजून धरलेली नाही, पण मुलगी बघितली आहे. कायदा आमच्या बाजूने आहे हे मला माहीत आहे, वकिलाशीही बोलून ठेवलंय. पण घटस्फोटाच्या कागदावर वैशालीचा अंगठा नाही तर सही घ्यायला माणसं जातील तेव्हा तिचा बापच म्हणेल, पोरी, कर. हेही मला माहीत आहे. मी असे बाप बघितलेत.

दिवाळीच्या आधी नाना माझ्या दारात आले. पहिल्यांदा "धरलं का" म्हणाले नाहीत. "मला तीर्थपुरीला ने," एवढंच. दोन गाड्या बदलून आम्ही दुपारी पोचलो.

वैशाली अंगणात सोयाबीन पाखडत होती. तिच्या वडलांनी खाट टाकली. नाना खाटेवर बसले नाहीत. तिच्यासमोर, सोयाबीनच्या ढिगापलीकडे, उकिडवे बसले.

"माझी बायको होती," ते म्हणाले. "कमल. आष्टीला."

मी चमकले. आमच्याकडे कुणालाच हे माहीत नव्हतं.

"सहा वर्षं होती. लेकरू न्हाई. मायनं तिला सगळं केलं. उपास, अंगारे, पोटावर डाग दिले. मी सतरा वर्षांचा असताना गालगुंड झाल्तं मला, खाली सूज आल्ती. कंपनीत लागल्यावर परागाचं शिकलो तवा डोक्यात किडा आला. कुणाला न सांगता औरंगाबादला गेलो. तपासलं."

वैशालीचे हात थांबले.

"काहीच नव्हतं. भिंगाखाली एक सुद्धा हलत नव्हता."

"मग तुम्ही तिला सोडलं, आणि नंतर कळलं?" मी विचारलं. माणसाला दोषातून सोडवायची मला घाई झाली होती.

"न्हाई." नानांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "रिपोर्ट आधी आल्ता. कमल त्याच्यानंतर गेली. चार महिन्यांनी. बैलगाडीत बसवून दिली मायनं. मी प्लॉटवर होतो. गाडी बांधावरून गेली. तिनं पाहिलं मला. माझ्या खिशात होता कागद."



"तिचं दुसरं लग्न झालं. पोरं झाली तिला, नातवंडं हायेत," नाना म्हणाले. "पण माझी माय मरताना मला म्हणाली, त्या वांझोटीनं तुझं वाटुळं केलं. तवा बी मी गप्प." मग ते सरळ वैशालीकडे बघून म्हणाले, "चूक तुझी न्हाई, पोरी. ते सांगायला आलो."

मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. सूप खाली ठेवलं, पदराने हात पुसले.

"नाना, हे मला कशाला सांगता? मला माहीत हाय. माझी फाइल हाय." तिचा आवाज कोरडा होता. "ज्या अंगणात बोलायचं होतं तिथं तुम्ही फुलं मांडली. हे मांडायचं होतं. गणेशसमोर. माझ्या सासूसमोर. तुमचं ऐकलं असतं त्यांनी."

नानांनी मान हलवली. "माझी जीभ न्हाई उचलली."

"मंग आता उचला. कमलबाईला जाऊन सांगा. तिला कुठं माहीत हाय? ती अजून सोताला दोष देत असंल. पोरं झाली तरी देतात बाया."

नाना त्या दिवशी कमलबाईकडे गेले नाहीत. अजूनही गेलेले नाहीत. मी दर आठवड्याला विचारते, ते म्हणतात, "जातो." त्यांच्या भाकऱ्या करपतात आजकाल. हॉटेलातला वर्ग बंद आहे. परवा मी त्यांच्या घरी गेले तर उन्हात एकटेच बसले होते. मला म्हणाले, "ती बांधावरून गेली ना, तवा तिनं हात वर केल्ता. बाय बाय करतात तसा न्हाई. ऊन लागू नये म्हणून डोळ्यांवर धरल्ता. मला बघायला." चाळीस वर्षं हा माणूस त्या हातासमोर बसलाय. तिथून त्याला उठवायला माझ्याकडे कुठलंही पत्रक नाही.

म्हणून हे तुम्हाला. तुम्ही, जे हे वाचताय आणि पुरुष आहात. तुमच्या घरात मूल होत नसेल आणि तुमची तपासणी झाली नसेल, तर या आठवड्यात करा. बायकोची पुढची तपासणी त्याआधी करू देऊ नका. आणि तुमच्यापैकी ज्यांनी गुपचूप तपासून घेतलंय, ज्यांच्या कपाटात, पाकिटात, गाडीच्या डिकीत तो कागद घडी घालून पडलाय, त्यांच्याशी मला जास्त बोलायचंय. तुम्ही आहात, हे मला आता माहीत आहे. तो कागद काढा. आईसमोर, बापासमोर, तिच्यासमोर उभे राहा आणि वाचा. मोठ्याने वाचा. ती अजून घरात आहे, तोवर.